वडाला पार हवा

वडोदऱ्याच्या बुलेट ट्रेन स्थानकाचा आराखडा वडाच्या झाडावरून घेतला आहे, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. ‘वटोदर’, म्हणजे वडाच्या उदरातले, अशी आमच्या शहराच्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. ज्या शहराच्या नावातच झाड आहे, त्याने आपल्या सर्वांत नव्या इमारतीला झाडाचा आकार द्यावा, यात मला काहीच उथळ वाटत नाही. ते चित्र मी काकांना दाखवायला घेऊन गेले. काकांची सगळी नोकरी रेल्वेत झालेली, त्यांनी चष्मा चढवून ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “झाड छान आहे गं. पण याला पार कुठे आहे?”

तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, कारण काकांनी विचारलेला तो प्रश्न खरे तर मीच विचारायला हवा होता. दांडिया बाजारात वाढलेली, कलाभवनात स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेली आणि पुढे तीस वर्षे इमारतींच्या सांगाड्यांची गणिते केलेली मी, त्या चित्रात छत पाहत होते, खांब पाहत होते, गाळे मोजत होते. काकांनी मात्र पाहिले ते झाडाखालची जागा. गावाकडे वड कितीही विस्तारलेला असला तरी त्याला गावपण येते ते बुंध्याभोवती बांधलेल्या पारामुळे. माणूस तिथे टेकतो, बस येईपर्यंत थांबतो, ओळखीचा भेटला तर बोलतो, आणि यासाठी त्याला कोणी ‘काय काम आहे’ असे विचारत नाही.

मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गावर बारा स्थानके आहेत. त्यांपैकी आमचे स्थानक चालू रेल्वे स्थानकाच्या आवारात, फलाट क्रमांक सातच्या वर उभे राहत आहे. खाली दिवसरात्र गाड्यांची ये-जा, शेजारी एसटीचा डेपो, रुळांच्या एका अंगाला सयाजीगंज आणि दुसऱ्या अंगाला अलकापुरी, अशी ही जागा आहे. म्हणूनच हे काम केवळ एका स्थानकाचे राहत नाही. आधीच दाटलेल्या, थकलेल्या आणि रुळांनी मधोमध चिरलेल्या भागाच्या डोक्यावर एक धाडसी इमारत ठेवली, तर खालच्या भागाला नवे जीवन मिळते का, हा तो प्रश्न आहे. जगात अनेक शहरांनी हा प्रयोग केला आहे, आणि त्यांची उत्तरे सारखी नाहीत.

आधी हे बांधकाम कसे होते ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. साध्या इमारतीत वरच्या मजल्याचा खांब सरळ खाली येतो आणि पायात उतरतो. रुळांच्या वर तसे करता येत नाही. खांब उतरवायला जागा मिळते ती फक्त दोन मार्गांच्या मधल्या फलाटावर किंवा यार्डाच्या कडेला, आणि ती जागा इमारतीच्या सोयीने नव्हे, रुळांच्या सोयीने ठरलेली असते. मग वरच्या खांबांचा भार एका जाडजूड आडव्या तुळईवर घ्यावा लागतो आणि तिच्यामार्फत तो दूरच्या मोजक्या खांबांवर सोडावा लागतो. आम्ही तिला ट्रान्स्फर गर्डर म्हणतो. गाडीचे हादरे वर पोहोचू नयेत म्हणून मध्ये रबराच्या किंवा स्प्रिंगच्या बैठका घालतात. लंडनमध्ये भुयारी रेल्वेवरच्या एका निवासी इमारतीसाठी हा उपाय १९६० च्या दशकातच केला गेला होता. त्यातून आपल्याकडे रुळांवर २५,००० व्होल्टची तार असते, त्यामुळे गर्डर चढवायचा तर गाड्या थांबवून रात्रीचा दोन-तीन तासांचा ब्लॉक घ्यावा लागतो आणि तेवढ्यात काम उरकून रूळ परत द्यावे लागतात. हा सगळा खर्च पहिला मजला बांधण्याआधीचा आहे. त्यामुळे रुळांवरची इमारत उंच होते, भव्य होते, कारण तिला आपल्या पायांचा खर्च वरच्या मजल्यांतून वसूल करायचा असतो. तिचे धाडस पुष्कळ वेळा हिशेबातून आलेले असते, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण ते लक्षात ठेवावे लागते.

हा हिशेब प्रथम मोठ्या प्रमाणावर मांडला तो न्यूयॉर्कमध्ये. ८ जानेवारी १९०२ रोजी पार्क अव्हेन्यूच्या बोगद्यात धुरामुळे सिग्नल न दिसून दोन गाड्यांची टक्कर झाली आणि पंधरा माणसे मरण पावली. त्यानंतर मॅनहॅटनमध्ये वाफेच्या इंजिनांवर बंदी आली. रेल्वेचे मुख्य अभियंता विल्यम विल्गस यांनी मांडले की गाड्या विजेवर चालणार असतील तर धूर नाही, आणि धूर नाही तर यार्ड उघडे ठेवायचे कारण नाही. ते झाकावे आणि त्यावरची हवा, म्हणजे बांधण्याचा हक्क, विकून खर्च भागवावा. १९१३ साली ग्रँड सेंट्रल स्थानक उघडले. लोक त्याच्या दर्शनी भागाचे, आतल्या छतावरच्या नक्षत्रांचे कौतुक करतात, आणि ते कौतुकाला पात्र आहेच. पण तो भाग पालटला तो माझ्या मते दुसऱ्याच गोष्टीने. उघड्या यार्डामुळे तुटलेले आडवे रस्ते त्या झाकणावरून पुन्हा जोडले गेले. जिथे धूर आणि खडखडाट होता तिथे पार्क अव्हेन्यूची घरे आणि हॉटेले उभी राहिली. १९३१ सालचे वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलही रुळांवरच उभे आहे, आणि त्याच्या दारातून जाणाऱ्या माणसाला आपण रुळांवरून चालतो आहोत हे कळतही नाही. आधी रस्ता शिवला गेला, मग वस्ती आली.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाकडे जाणाऱ्या रुळांवर १९९० साली एक्स्चेंज हाउस नावाची दहा मजली इमारत उभी राहिली. तिचा भार ७८ मीटर अंतर ओलांडणाऱ्या पोलादी कमानींवर आहे आणि त्या कमानी झाकलेल्या नाहीत. इमारत कशी उभी आहे हे रस्त्यावरच्या माणसाला दिसावे म्हणून त्या बाहेर काढून ठेवल्या आहेत. कलाभवनातल्या विद्यार्थ्यांना मी नेहमी हेच उदाहरण सांगते. पण त्यांना कमानी दाखवून झाल्या की मी त्यांचे लक्ष कमानीखाली नेते: तिथे मोकळा चौक आहे, तोही रुळांवरच्या झाकणाचाच भाग आहे, आणि दुपारी लोक तिथे डबा उघडून बसतात. अभियंत्याने सगळी हुशारी पणाला लावून जी जागा मोकळी ठेवली, ती विकली गेली नाही.

हाँगकाँगची गोष्ट याच्या जवळजवळ उलट आहे. पैशाच्या बाजूने त्यांच्याइतका चोख मार्ग कोणालाच सापडलेला नाही: सरकार रेल्वे कंपनीला स्थानकावरच्या जमिनीचे हक्क रेल्वे येण्यापूर्वीच्या भावाने देते, रेल्वेमुळे भाव चढतो, आणि त्या चढलेल्या भावातून रेल्वेचा खर्च निघतो. करदात्यावर भार कमी पडतो आणि गाड्या उत्तम चालतात. कौलून स्थानकावरचा ४८४ मीटर उंच मनोरा याच पद्धतीतून उभा राहिला. पण त्या संकुलाचा पायथा पाहावा. अनेक मजल्यांचा एक बंद चौथरा, त्याभोवती मोटारींचे रस्ते, आणि माणसे गाडीतून उतरून सरकत्या जिन्याने मॉलमध्ये, मॉलमधून लिफ्टने घरी. शेजारच्या जुन्या वस्तीला त्या मनोऱ्याची फक्त सावली मिळते. तिथे राहणाऱ्याला रस्त्यावर पाऊल टाकावेच लागत नाही, आणि जिथे कोणी पाऊल टाकत नाही तो रस्ता कितीही रुंद असला तरी मरतो.

क्योटोचे स्थानक मला या दोन्हींच्या मधले वाटते. हिरोशी हारा यांनी रचलेली ही जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब इमारत १९९७ साली उघडली, तेव्हा देवळांच्या त्या जुन्या शहरात तिच्या आकारावरून मोठा वाद झाला होता, आणि तो वाद मला अजूनही निराधार वाटत नाही. एवढी लांब भिंत शहराच्या दोन भागांत उभी राहिली की तिच्या पलीकडचे शहर खरोखर दूर जाते. मात्र तिच्या पोटात १७१ पायऱ्यांचा एक प्रचंड उघडा जिना आहे, आणि त्यावर माणसे नुसती बसलेली असतात. शाळेतली मुले असतात, म्हातारी जोडपी असतात, संध्याकाळी कार्यक्रम असला तर तोच जिना प्रेक्षागृह होतो. तिकीट काढावे लागत नाही, काही विकत घ्यावे लागत नाही. काकांच्या शब्दांत सांगायचे तर क्योटोने भिंत बांधली खरी, पण तिला पार ठेवला.

आपल्याकडेही हे प्रयोग नवे नाहीत. नवी मुंबईत सिडकोने वाशी आणि बेलापूरला स्थानक आणि कार्यालये एकत्रच आखली, आणि आमच्यापासून फार दूर नसलेल्या गांधीनगरला २०२१ साली रुळांच्या थेट वर ३१८ खोल्यांचे पंचतारांकित हॉटेल उघडले. ते हॉटेल दुरून देखणे दिसते आणि चालू मार्गावर ते बांधणे हे अभियंत्यांचे मोठेच काम होते. पण त्या स्थानकावरची गाड्यांची वर्दळ वडोदऱ्याच्या पासंगालाही पुरणारी नाही, म्हणून त्याचा धडा आम्हाला तसाच्या तसा लागू होत नाही. तिथे खाली गर्दी आणायची होती; इथे गर्दी आधीच आहे, तिला नीट जागा द्यायची आहे. वडोदऱ्याच्या एसटी डेपोने २०१४ साली हेच थोड्या लहान प्रमाणावर केले होते. एकाच आवारात बस, दुकाने, खाण्याचे गाळे आणि चित्रपटगृह आले, आणि रात्री उशिरा बसची वाट पाहणाऱ्या बायका उजेडात बसू लागल्या. तेवढी एक गोष्ट मला त्या सगळ्या काचेपेक्षा मोलाची वाटते.

आता आमच्या जागेकडे येते. सयाजीगंजातून अलकापुरीत पायी जायचे तर रुळांच्या खालून जा किंवा वरून. खालचा मार्ग म्हणजे गरनाळे, आणि मोठ्या पावसात त्यात पाणी भरते हे वडोदऱ्यातल्या लहान मुलालाही माहीत आहे. वरचा मार्ग म्हणजे पादचारी पूल. विजेच्या तारांमुळे असा पूल जमिनीपासून सुमारे सात मीटर वर न्यावा लागतो. दीडशे मिलिमीटरची एक पायरी धरली तर ४५ हून अधिक पायऱ्या होतात, आणि चाकाच्या खुर्चीसाठी बाराला एक या उताराचा रॅम्प करायचा म्हटले तर तो ८४ मीटर लांब होतो. म्हणजे पलीकडचे शहर नकाशावर हाकेच्या अंतरावर असले, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ते वेगळे गाव आहे. रुळांवर नवी इमारत येते तेव्हा हा अडथळा ओलांडण्याची संधी शतकातून एकदा मिळते, कारण लिफ्ट, सरकते जिने आणि रुंद मजला हे सगळे तिथे आपल्या गरजेसाठी येणारच असते. त्या मजल्याचा एक पट्टा तिकीट न काढणाऱ्यासाठी, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत, उघडा ठेवला तर सयाजीगंज आणि अलकापुरी एकमेकांना भेटतील. तो पट्टा सुरक्षा तपासणीच्या आत गेला, तर मात्र वडाचे झाड ही नुसती आणखी एक भिंत होईल. छताच्या आकाराइतकीच किंबहुना त्याहून अधिक चर्चा त्या एका रेषेची, तपासणीची रेघ कुठे ओढली जाते याची, व्हायला हवी असे मला वाटते.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. एक हेक्टर छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी जमते. रुळांखालची खडी त्यातले काही मुरवते. धातूचे छत काहीच मुरवत नाही, ते सगळे पाणी काही मिनिटांत खाली सोडते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने या शहराची जी अवस्था केली, ती पाहिलेल्या कोणालाही हे पाणी कुठे जाणार हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. छताखाली पुरेशी मोठी टाकी असावी आणि पावसाचा जोर ओसरल्यावर पाणी हळूहळू सोडावे. हे गणित अवघड नाही, फक्त ते पायांच्या आराखड्याबरोबरच करावे लागते. नंतर टाकीला जागा उरत नाही.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. फार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी बसस्थानकावरच्या दुकानांच्या इमारतीचे काम आमच्याकडे होते. वरचे मजले रेखीव झाले होते. तळमजल्याच्या नकाशात मी मधला मोठा चौकोन ‘वाहनतळ’ असे लिहून सोडून दिला आणि भार नीट उतरावा म्हणून खांबांची एक ओळ अशी आणली की ती नेमकी पदपथाच्या मधोमध आली. गणित बरोबर होते. इमारत उघडल्यावर मी तिथे गेले, तेव्हा माणसे खांबांना वळसा घालून बसच्या रस्त्यातून चालत होती, आणि वर्षानुवर्षे तिथे चहा विकणारी एक बाई आपली गाडी कुठे लावावी हे न कळून उन्हात उभी होती. त्या खांबांच्या ओळीला तीन फूट आत घेता आले असते. गर्डर थोडा जाड झाला असता, एवढेच. तीस वर्षांत मी केलेल्या कामांपैकी तो खांब मला सर्वांत जास्त वेळा आठवतो.

म्हणून पारंब्यांविषयी मी फार हट्टाने बोलते. वडाची पारंबी जमिनीला टेकते तिथे ती खांब होते, पण दोन पारंब्यांमध्ये जागा राहते आणि त्या जागेतच माणसे बसतात. रुळांवरच्या इमारतीचा प्रत्येक खांब जिथे रस्त्याला भेटतो, तिथे त्याला बसण्याजोगा कठडा असावा, पिण्याच्या पाण्याचा नळ असावा, मे महिन्यात सावली नेमकी कुठे पडते ते पाहून रिक्षांची रांग ठरवावी, आणि वातानुकूलनाच्या यंत्रांची गरम हवा चालणाऱ्यांच्या अंगावर सोडू नये. सेव-उसळीच्या लाऱ्यांना, म्हणजे हातगाड्यांना, जागा आखून द्यावी. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचा कायदा २०१४ पासून आहे. त्यांना हटवून परिसर ‘स्वच्छ’ दाखवला की त्याबरोबर रात्री अकरा वाजता तिथे उजेड आणि माणूस असण्याची हमीही जाते. एकट्या उतरणाऱ्या मुलीला सुरक्षित वाटते ते कॅमेऱ्यापेक्षा तव्यावरच्या आवाजाने, हे मी मुंबईहून रात्रीच्या गाड्यांनी असंख्य वेळा येऊन अनुभवले आहे.

यावरून मी धाडसी वास्तूच्या विरुद्ध आहे असा कोणी अर्थ काढू नये. वडोदऱ्याला धाडस नवे नाही. लक्ष्मी विलास राजवाडा १८९० साली पूर्ण झाला, आणि त्याच्याही आधी, स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांनी बडोदा कॉलेजसाठी विटांचा तो प्रचंड घुमट उभारला, ज्याखाली आज विद्यापीठाची कला शाखा भरते. त्या काळी एवढ्या लहान शहराला एवढा घुमट कशाला, असे कोणाच्या तरी मनात आलेच असेल. पण सयाजीराव महाराजांच्या काळातल्या त्या इमारतींना एक शिस्त होती: घुमटाभोवती पटांगण होते, संग्रहालयाभोवती कमाटी बाग होती, न्यायमंदिरासमोर मोकळी जागा होती. इमारत जितकी मोठी, तितके तिच्यापुढे शहराला मोकळे अंगण. नवे स्थानक उंच होवो. मात्र सयाजीगंजाच्या रस्त्यावरून तो घुमट आज जिथून दिसतो तिथून उद्याही दिसावा, एवढी काळजी घेतली गेली तर जुने आणि नवे धाडस एकमेकांच्या नजरेत राहतील.

आणि धाडसाला जपणूकही लागते. सॅन फ्रान्सिस्कोत बसस्थानकाच्या छतावर ५.४ एकरांची बाग करण्यात आली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ती लोकांसाठी उघडली; दीड महिन्यातच खालचा रस्ता ओलांडणाऱ्या दोन पोलादी तुळयांना भेगा दिसल्या आणि सगळे स्थानक पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत बंद ठेवावे लागले. भेगांची सुरुवात जोडकामासाठी पोलादात कापलेल्या लहान छिद्रांच्या कडांपाशी झाली होती. पण मला त्या घटनेतली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते: भेग दिसताच त्यांनी ते बंद केले, तपासले, दुरुस्त केले आणि पुन्हा उघडले. आज ती बाग पुन्हा माणसांनी भरलेली असते.

माझी मागणी लहान आहे. स्थानकाचे ते सुंदर चित्र सगळीकडे लागले आहे. त्याच्या शेजारी तळमजल्याचा नकाशा, एकास शंभर या प्रमाणात, फलाट क्रमांक एकवर लावावा. त्यात खांब कुठे येतात, पदपथ किती रुंद आहे, नळ कुठे आहेत, तपासणीची रेघ कुठे आहे आणि बाकडी किती आहेत हे दिसावे. तो वाचायला अभियंता असावे लागत नाही. काकांसारखी माणसे त्यातली चूक माझ्याआधी शोधून देतील.

काकांनी आपला बेत आत्ताच ठरवून ठेवला आहे. स्थानक उघडेल त्या दिवशी ते गाडीत बसणार नाहीत. अलकापुरीच्या बाजूने आत शिरायचे, एकही पायरी न चढता पलीकडे जायचे, मध्ये एकदा टेकायचे, सयाजीगंजात सेव-उसळ खायची आणि आल्या वाटेने परत यायचे. मला त्यांनी सोबत यायला सांगितले आहे, आणि मोजपट्टी घेऊन ये असेही.